पूररेषा आखली, नदीचं वळण राहिलं

कृष्णाकाठच्या आमच्या गावात नदी मोठं वळण घेते. वळणाच्या आतल्या अंगाला आमचं मळीचं, म्हणजे नदीनं टाकलेल्या गाळाचं, रान आहे, आणि समोर, बाहेरच्या अंगाला, पलीकडच्या गावाची उंच दरड. उन्हाळ्यात माझे चुलते, तात्या, म्हशी पाण्यात घालायला न्यायचे तेव्हा आम्हा पोरांना एकच ताकीद असायची: आपल्या अंगाला हवं तिथं डुंबा, पण समोरच्या दरडीकडं जायचं नाही. आपल्या बाजूला आधी वाळू, मग घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कमरेइतकं. समोर दरडीच्या पायाशी मात्र काळाशार डोह. एकदा तात्यांनी नारळाची करवंटी पाण्यात सोडून दाखवली. सोडली मधोमध, पण वळणाला लागताच ती आपोआप सरकत सरकत समोरच्या दरडीला भिडली आणि दरडीला घासत पुढं निघून गेली. तात्या म्हणाले, "वरचं पाणी तिकडं जातंय बघ. तळचं हिकडं येतंय. म्हणून तर वाळू आपल्या अंगाला पडती."

पुढं शिकताना कळलं की हीच गोष्ट अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली एका छोट्या निबंधात मांडली होती, तीही चहाच्या कपाचं उदाहरण घेऊन. कपातला चहा चमच्यानं गोल ढवळला की तळाची चहापूड कडेला न जाता मध्यभागी गोळा होते. तळाला घासून फिरणारं पाणी मंद असतं, वरचं वेगात असतं. वरचं बाहेर फेकलं जातं, कडेनं खाली उतरतं आणि तळावरून परत मधे येतं. नदीच्या वळणावर नेमकं हेच चालतं. पाणी पुढं जाता जाता दोरीच्या पिळासारखं फिरतं. बाहेरचा काठ ते खरवडतं, आणि खरवडलेली माती, वाळू पुढं कुठल्या तरी वळणाच्या आतल्या काठावर टाकतं. आमची मळी अशीच तयार झाली. वरच्या कुठल्या कुठल्या गावांची माती आहे ती, आणि तिच्यात पिकलेल्या वांग्यांची चव आम्ही आमची म्हणून सांगतो.

हे सगळं इतकं खुलवून सांगण्याचं कारण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सांगली-कोल्हापूरनं सोसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५६ फुटांच्या वर होती. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची नाव उलटली ती याच २०१९ च्या पुरात, आणि ते दुःख या भागात अजून ओलं आहे. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्याआधी त्याच मागण्या पुढं येतात: शहराला संरक्षक भिंत घाला, पात्र खोल करा, वळणं काढून नदी सरळ करा, रस्ते उंच करा. मागणारी माणसं आपलीच आहेत, घरात चिखल काढून थकलेली. त्यांचा राग मला कळतो. पण या चारही मागण्यांमागं एक समज आहे: नदी म्हणजे पाणी वाहून नेणारी गटार, आणि वळण म्हणजे त्या गटारातला अडथळा. ही समज चुकीची आहे. तिच्यावर उभारलेला प्रत्येक उपाय पाण्याचा जोर कमी करत नाही, तो शेजारच्या गावाच्या अंगावर ढकलतो.

नदीचं वळण ही उगाच घेतलेली लांबची वाट नसते. उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या अंगात जोर असतो, तो कुठं तरी खर्च व्हावा लागतो. नदी तो वळणांवर, काठ कापण्यात आणि गाळ हलवण्यात खर्च करते. वळणांचं मापही नदीच्या रुंदीवर ठरतं: एक पूर्ण नागमोडी वळण साधारणपणे रुंदीच्या दहा ते चौदा पट लांब असतं. म्हणजे शंभर मीटर रुंद नदीला असं एक वळण पुरं करायला किलोमीटर, सव्वा किलोमीटर लागतो. शिवाय वळण जागेवर थांबत नाही. बाहेरच्या अंगाला सरकतं, हळूहळू खालच्या दिशेनंही सरकतं. त्यामुळं नदीची जागा म्हणजे आज पाणी दिसतं तेवढा पट्टा नव्हे. तिची सगळी वळणं डावीकडं-उजवीकडं जिथवर पोचतात, तो अख्खा पट्टा तिचा. मी त्याला वळणपट्टा म्हणतो.

आता हा पट्टा दोन्ही बाजूंनी आवळला तर काय होतं? वळणाला बाजूला सरकता येत नाही, मग ते सगळा जोर खालच्या दिशेला लावतं. निसर्गातही अशा आवळलेल्या नद्या असतात, अरुंद दरीतून जाणाऱ्या. त्यांची वळणं गोलाईदार राहत नाहीत. नदी दरीच्या भिंतीला चिकटून बरंच अंतर सरळ जाते आणि मग एकदम काटकोनात वळते. अशा तीव्र वळणावर आतल्या काठापासून प्रवाह सुटतो, तिथं भोवरे फिरतात, साचलेल्या पाण्यात गाळ बसतो. उरलेल्या चिंचोळ्या जागेतून धार बाहेरच्या काठावर थेट आदळते. माणसानं भिंत घातली की तेच घडतं, फक्त दरीला जे घडायला हजारो वर्षं लागतात ते इथं काही पावसाळ्यांत दिसायला लागतं. आवळलेल्या जागेच्या वर पाणी तुंबतं, आवळलेल्या जागेत वेग वाढून तळ आणि भिंतीचा पाया खरवडला जातो, आणि जागा मोकळी होताच तोच वेग समोर येईल त्या काठावर आपटतो. समोर येईल तो काठ बहुतेक वेळा दुसऱ्या ग्रामपंचायतीचा असतो.

मुंबईकरांना हे मिठीवरून समजेल. विमानतळाच्या धावपट्टीसाठी या नदीला काटकोनात वळायला लावलं, पुढं दोन्ही काठांना भिंती घातल्या, झोपड्या आणि भराव पात्रापर्यंत आले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतक्या पावसात कुठलीही नदी काठ सोडणारच. पण पसरायला खारफुटी आणि सखल जागा उरलेली नसताना ती कुणाच्या घरात शिरली, हे सगळ्यांनी पाहिलं.

सरळीकरणाचं सर्वांत मोठं उदाहरण युरोपातल्या ऱ्हाइन नदीचं आहे आणि ते पुरतं सांगायला हवं, कारण त्यात फायदाही आहे. १८१७ पासून योहान टुल्ला या जर्मन अभियंत्याच्या आराखड्यानुसार वरच्या ऱ्हाइनची वळणं कापायला सुरुवात झाली. काम संपायला सुमारे साठ वर्षं लागली, टुल्ला त्याआधीच वारला. बाझेलच्या खालच्या टप्प्यात नदी सुमारे ८० किलोमीटरनं आखूड झाली. काठची गावं स्थिरावली, दलदल हटली, हिवताप कमी झाला, शेतीला जमीन मिळाली. त्या काळच्या लोकांनी त्याचे उपकार मानले, त्यात नवल नाही. पण लांबी कमी झाली म्हणजे तेवढीच उंची कमी अंतरात उतरायची, म्हणजे उतार वाढला, वेग वाढला. नदीनं आपला तळ खोल खोल कापत नेला. भूजल खाली गेलं, विहिरी आणि काठची जंगलं सुकली. पुढं बंधारे आणि कालवे आले, आणि पुराचा लोंढा खालच्या शहरांकडं आधीपेक्षा लवकर, एकगठ्ठा पोचू लागला. आज त्याच टप्प्यात पुराचं पाणी सामावून घेणाऱ्या जागा पुन्हा मोकळ्या करायचं काम जर्मनीत चालू आहे.

आणि त्याच ऱ्हाइनच्या अगदी खालच्या अंगाला नेदरलँड्स आहे, ज्या देशाला बांध घालणं कुणी शिकवायला नको. १९९५ मध्ये तिथं पुराच्या भीतीनं सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी ठरवलं की बांध उंच करत जाण्याला अंत नाही. नदीला जागा परत द्यायची. तीसहून अधिक ठिकाणी कामं झाली. नाइमेखन शहरासमोर, जिथं ऱ्हाइनचाच फाटा असलेली वाल नदी तीव्र वळण घेते आणि शहरामुळं आवळली जाते, तिथं पलीकडचा बांध ३५० मीटर मागं नेला आणि पुरासाठी दुसरं पात्र खोदलं. त्यासाठी सुमारे पन्नास घरं हलवावी लागली; लोकांनी विरोधही केला, वाटाघाटी बरीच वर्षं चालल्या. पण पुराची पातळी तिथं सुमारे ३५ सेंटिमीटरनं उतरली. आम्हा पूरग्रस्तांना विचारा, ३५ सेंटिमीटर म्हणजे काय. उंबरा आणि पहिली फळी यांच्यातलं अंतर.

आपल्या देशातला अनुभव बिहारच्या कोसीचा आहे. कोसी वळणांची नदी नाही, ती अनेक धारांत विणलेली, प्रचंड गाळ आणणारी नदी आहे, म्हणून तिची कृष्णेशी सरळ तुलना मी करणार नाही. पण बांधांमधे कोंडल्यावर गाळ बाहेरच्या शेतात पसरायचा थांबला आणि पात्रातच साचून तळ वर आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहा इथं बांध फुटला, तेव्हा नदीत बांधाच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी पाणी होतं. भिंत असली की माणूस निर्धास्त होऊन तिच्या सावलीत घर बांधतो, आणि ती फुटते तेव्हा पाणी हळूहळू चढत नाही, एकदम येतं.

आता आपल्या कृष्णा-पंचगंगेकडं येऊ. इथं नद्यांना कोसीसारखे लांबच लांब बांध नाहीत. मग आवळलं कशानं? माझ्या मते मुख्यतः रस्त्यांच्या भरावांनी, आणि ही गोष्ट अजून पुरेशा गांभीर्यानं घेतली जात नाही.

बारमाही पाण्यात नदी वळणावळणानं जाते हे खरं. पण महापुरात ती तशी जात नाही. पाणी काठावर आलं की तिची मुख्य धार बाहेरची दरड सोडते आणि वळणाची मान, म्हणजे वळणाच्या दोन टोकांमधली जमीन, कापत मळीवरून सरळ निघते. २०१९ चं पाणी उतरल्यावर मी आमच्या रानात गेलो. अंगाला चिखलाचा थर बसलेला ऊस आडवा झाला होता, आणि सगळा ऊस एकाच दिशेला, कुणी विंचरल्यासारखा, लोळला होता. ती दिशा नदीच्या वळणाशी जुळत नव्हती. वरच्या वळणापासून खालच्या वळणापर्यंत सरळ रेघ मारली तर जशी येईल, तशी होती. म्हणजे आमची मळी ही नदीचं पावसाळी पात्रच आहे. उन्हाळ्यात तिच्यावर आमची नावं, महापुरात ती नदीची.

याच मळीवरून, कधी नदीला काटकोनात, आपण दहा-पंधरा फूट उंच भराव घालून रस्ते नेले. पूल बांधला तो उन्हाळ्यात दिसणाऱ्या पात्रापुरता. चार-पाच किलोमीटर पसरून जाणारं महापुराचं पाणी मग त्या पुलाच्या काही गाळ्यांमधून जायचं म्हणते. भरावात पाइप आणि लहान मोऱ्या असतात, पण उसाचा पाला, झाडं आणि प्लॅस्टिकनं त्या पहिल्या दिवशीच बुजतात. आमच्या गावाजवळच्या अशा एका भरावावर २०२१ मध्ये मी उभा होतो. वरच्या अंगाला पाणी रस्त्याच्या कडेला टेकलं होतं. खालच्या अंगाला ते चांगलं हातभर खाली होतं. मधे फक्त रस्त्याची रुंदी. त्या हातभर पाण्यात वरच्या गावातली किती घरं बसली असतील, याचा हिशेब मला आजही सुटत नाही.

शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग महापुरात बंद पडतो, तेव्हा पहिली सूचना येते ती रस्ता आणखी उंच करण्याची. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतले लोक त्याऐवजी म्हणतात, भराव नको, खांबांवरचा पूल द्या. ही मागणी करणारे विकासाच्या आड येतात असं बोललं जातं. मला वाटतं, जलविज्ञानाच्या दृष्टीनं या चर्चेत सर्वांत शहाणं बोलणारे तेच आहेत. खांबांवरचा रस्ता महाग पडतो, हे मान्य. पण भरावाचा स्वस्तपणा खोटा आहे. त्याची उरलेली किंमत वरच्या गावांचे लोक कपाटं, जनावरं आणि दुकानातला माल यांच्या रूपानं भरतात, आणि ती रस्त्याच्या अंदाजपत्रकात कुठंच दिसत नाही.

कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडं पूर वाढतो का, हा प्रश्न मी टाळत नाही. धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव आहे, त्यावर महाराष्ट्रानं ठाम भूमिका घ्यायलाच हवी, आणि पावसाळ्यात धरणांतून विसर्ग कसा सोडायचा यावर दोन्ही राज्यांनी रोजच्या रोज बोलायला हवं. पण अलमट्टीचं नाव घेतलं की आपल्या हद्दीतल्या भरावांवर बोलायची गरज संपते, असं होऊन बसलंय. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली होती. पात्रातली आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं हा मुद्दा तिच्या अहवालातही होता. तो आपल्या हातातला मुद्दा आहे. त्यासाठी बंगळूरशी बोलावं लागत नाही.

खोलीकरणाबद्दलही बोलायला हवं, कारण ते आता सगळ्यात लोकप्रिय आहे. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांनी आंदोलन करून वाशिष्ठी नदीचा गाळ काढायला लावला. तिथं वर्षानुवर्षं बेटं साचली होती, भरतीचं पाणी आत येत होतं. ती मागणी समजण्यासारखी होती. पण तोच उपाय कृष्णेला तसाच लागू पडत नाही. दख्खनच्या नद्यांचा तळ बऱ्याच ठिकाणी काळा कातळ आहे आणि काठ चिकणमातीचे, उंच. काढायला गाळ असतो तो वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे नदी जिथं टाकते तिथं. तो काढला की पुढच्या दोन पावसाळ्यांत नदी तो पुन्हा टाकते, आणि मधल्या काळात कुणाच्या तरी दरडीचा पाय सुटतो. गाळाच्या नावाखाली वाळू जाते, हे तर प्रत्येक काठच्या माणसाला माहीत आहे. महापुरातलं पाणी पात्राच्या क्षमतेच्या कित्येक पट असतं. पात्र दोन फूट खोल केल्यानं त्याची सोय होत नाही. त्याला पसरट जागाच लागते.

आमच्या बापजाद्यांना हे ठाऊक होतं, असं नुसतं म्हणून मी जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. तेव्हाही गावं बुडत होती. पण जमिनीला नावं ठेवताना त्यांनी एक भेद केला होता: राहायची ती पांढरी, पिकवायची ती काळी. पांढरी उंचवट्यावर असायची. पुराचं पाणी काळीत यायचं, गाळ टाकून जायचं. आज सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड इथं सर्वांत आधी पाणी येतं, कारण काळीलाच आपण पांढरी केलं.

आणि नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं हे दत्ताचं देऊळ अगदी नदीच्या तोंडाशी आहे. पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर नेतात. पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. मी लहानपणी आईचा हात धरून त्या रांगेत उभा राहिलो आहे. तेव्हा फक्त गर्दी आणि पाण्याचा थंडावा जाणवला होता. आता जाणवतं ते हे की त्या देवळाला पाणी यायला एक दार आहे आणि जायला दुसरं. आपल्या महामार्गाच्या भरावाला ते दुसरं दार नाही.

पुण्यातल्या मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दलही हाच प्रश्न विचारावा लागतो. काठ आखीव होतील, फिरायला जागा होईल, सगळं खरं. पण आखीव काठ म्हणजे वळणाला सरकायची मनाई. पुण्यानं आपलं पाणी वेगानं पुढं पाठवलं तर ते मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीकडं, आणि उजनीच्या दारांतून पंढरपूरकडं जातं. पंढरपुरात तीच भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते. शहराच्या हद्दीत आखलेल्या रेषेचा परिणाम शहराच्या हद्दीत थांबत नाही, म्हणून तिचा निर्णयही एकट्या शहरानं घेऊ नये.

मग हवं काय? आज आपल्याकडं दोन पूररेषा आहेत. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मधे नियंत्रण. या रेषा पाळल्या तरी पुष्कळ होईल. त्या मागं सरकवा म्हणून किती दबाव येतो ते आपण पाहतो. पण त्या रेषांत एक उणीव आहे. त्या पाणी किती उंच चढेल ते सांगतात. नदी कुठं सरकेल, कुठल्या मानेवरून सरळ निघेल, कुठल्या दरडीवर आदळेल, हे त्यांत नाही. त्यांत नदी जागेवर उभी आहे, आणि फक्त तिच्या अंगातलं पाणी वर-खाली होतंय.

विशेष म्हणजे आपल्या महसूल कायद्याला नदी हलते हे चांगलं ठाऊक आहे. नदीनं टाकलेल्या मळईच्या जमिनीचं काय करायचं आणि नदीनं कापून नेलेल्या जमिनीचा सारा कसा कमी करायचा, याच्या तरतुदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहेत. सारा वसूल करताना जे सरकारला दिसलं, ते पूल आणि भराव मंजूर करताना दिसू नये, हे मला पटत नाही. निळ्या आणि लाल रेषेबरोबर वळणपट्ट्याची तिसरी रेषा गावनकाशावर यावी. त्या पट्ट्यातून जाणारा नवा रस्ता खांबांवरच असावा, आणि जुन्या भरावांना टप्प्याटप्प्यानं कमानी पाडाव्यात. गावठाण वाचवायला भिंत घालायचीच असेल तर ती काठावर न घालता गावाच्या अंगाला मागं घ्यावी, आणि समोरच्या काठाला भिंत देऊ नये. दोन्ही काठ एकदम आवळणं हाच खरा घात आहे.

यात शेतकऱ्याचं नुकसान होईल, हा आक्षेप रास्त आहे. मी स्वतः त्या पट्ट्यातला खातेदार आहे. माझी मळी नदीला पुरासाठी मोकळी ठेवायची आणि त्यामुळं खालचं शहर वाचणार असेल, तर माझ्या बुडालेल्या पिकाचे पैसे पंचनाम्याची वाट न बघता, पाणी आलं की मिळायला हवेत. ती मदत नव्हे, जागेचं भाडं आहे. आणि आम्हीही काही सोडायला हवं. नदीच्या अगदी कडेपर्यंत ऊस लावताना आम्ही काठची करंज, उंबर, वाळुंज तोडली. दरड धरून ठेवणारी मुळं गेली. वीटभट्टीला मळीची माती विकली, आणि खड्ड्यांतून पाण्याला नवी वाट करून दिली. तात्या गेले त्या वर्षी समोरच्या गावाची दरड आणखी ढासळली होती. त्यांच्या एका शेतकऱ्याचं पाऊण एकर नदीत गेलं. त्यातली किती माती आज माझ्या बांधाच्या आत आहे, हे मला सांगता येणार नाही, पण काही तरी आहे.

मागच्या महिन्यात मी आमच्या गावचा जुना मोजणी नकाशा काढून आणला. त्यात नदी आजच्या जागी नाही. आज जिथं आमचा ऊस उभा आहे, तिथं निळ्या शाईत तिचा काठ आखलेला आहे. नकाशाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक आमच्या ग्रामसभेत ठेवणार आहे, आणि दुसरी घेऊन नावेनं पलीकडं जाणार आहे.